ज्वारीची पिशवी घेऊन कासवाच्या झऱ्यावर

कासवाचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याच्या आधी बूड टेकायला जागा शोधावी लागते. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर पहिल्या हिवाळ्यातले सात रविवार वाया गेले नसते. त्या सात रविवारचे माझे सगळे फोटो एकाच तऱ्हेचे आहेत. मधोमध पाण्यावर उठलेलं वर्तुळ, शेजारी ओला दगड, आणि कासव त्या वर्तुळाच्या खाली कुठंतरी.

आठव्या रविवारी शेळ्या राखणाऱ्या एका मामांना माझी कीव आली. ते म्हणाले, "मॅडम, तुमी हुब्या काहून ऱ्हाता? बसा की खाली. सावली पडायलीय पाण्यात." मी बसले. मामा शेळ्या घेऊन पलीकडं गेले. अर्ध्या तासानं समोरच्या काळ्या दगडाशेजारी वाटाण्याएवढं काहीतरी पाण्यावर आलं, थांबलं आणि परत खाली गेलं. ते नाक होतं. या लेखात पुढं जे काही सांगितलंय, ते त्या बसण्याभोवतीच फिरतं.

आधी पाणी ओळखा

मराठवाड्यात झरे कुठले, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. आपण टँकरसाठी प्रसिद्ध, त्यामुळं त्यांचंही चुकत नाही. पण आपला दगड लाव्ह्याच्या थरांचा आहे. एक थर घट्ट, त्याच्या वरचा किंवा खालचा छिद्राछिद्रांचा, मध्येच कुठं भाजलेल्या विटेसारख्या लाल मातीचा पट्टा. पावसाचं पाणी भेगांतून मुरत खाली जातं, घट्ट थराशी किंवा लाल मातीशी अडतं, मग आडवं सरकायला लागतं. डोंगराचा उतार त्या थराला जिथं कापतो तिथं ते बाहेर पडतं. म्हणून झरा सहसा उताराच्या कमरेला नाहीतर पायथ्याला सापडतो. माघात सगळा डोंगर वाळक्या गवतानं पिवळा पडलेला असताना करंज, उंबर, जांभूळ यांची एक हिरवी रेघ दिसली, की तिच्या मुळाशी पाणी आहे असं खुशाल समजा.

झऱ्याच्या तोंडाशी मात्र कासव शोधू नका. तिथं पाणी घोट्याएवढं, स्वच्छ आणि उघडं असतं. कासवाला तीन गोष्टी एका ठिकाणी लागतात: गुडघ्यापासून कमरेपर्यंत खोल पाणी, तळाला चिखल, आणि पाण्यातून तिरपा वर आलेला, ऊन खाणारा एखादा दगड किंवा पडलेली फांदी. म्हणून ओघळ धरून खाली चालत राहा. पहिला असा डोह लागला की थांबा. जुन्या बारवांतही कासवं असतात, कारण बारवेच्या तळाला झरेच असतात. पण बारवेच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि वर कठड्याचा पत्ता नसतो. एकट्यानं उतरू नका.

झरा म्हणजे काय ते आधी डोळ्याला कळावं, यासाठी सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागांपासून सुरुवात करा: धाराशिव जिल्ह्यातलं येडशीचं रामलिंग, बीडकडचं कपिलधार, पाटोदा तालुक्यातला सौताडा, कन्नडजवळचा गौताळा. श्रावण-भाद्रपदात तिथं माणसांचीच जत्रा असते. धबधब्याखाली सेल्फी घेणाऱ्यांच्या गर्दीत कासव बघायला जाणं म्हणजे लग्नाच्या मांडवात झोपायला जाणं. दिवाळी उलटल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी जा. येडशी आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत, तेव्हा वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवून आणि विचारूनच आत शिरायचं. देवस्थानाच्या कुंडावर आधी पुजाऱ्यांना विचारा आणि चपला बाहेर काढा. किनवटकडच्या उनकेश्वरला कुणी पाठवलं तर दर्शन जरूर घ्या, पण तिथले झरे गरम पाण्याचे आहेत. कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

मी ज्या डोहावर जाते तो कुठला, हे सांगणार नाही. का ते पुढं येईलच.

विचारायचं कुणाला आणि कसं

कासव कुठं आहे हे गावातल्या तीन तऱ्हेच्या माणसांना नक्की माहीत असतं: गुराखी, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका, आणि जाळं टाकणारे भोई. त्यातल्या त्यात बायकांची माहिती मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण त्या रोज त्याच दगडावर त्याच वेळी असतात. "सकाळच्याला तिकडल्या कपारीत दोन बसत्यात, एक थोरलं अन् एक थाळीयेवढं," इतकं नेमकं उत्तर मला एका मावशींकडून मिळालंय. सोबत "पण तुमी दगड नका मारू बरं का त्यायला," हेही.

पण तोंड उघडल्या उघडल्या "इथं कासव आहे का" असं विचारू नका. अनोळखी माणूस गाडीवरून येऊन कासवाची चौकशी करतो म्हणजे तो पकडणारा, असा गावात सरळ हिशोब असतो, आणि तो काही उगाच झालेला नाही. बोलणं पाण्यापासून सुरू करा. माझा ठरलेला प्रश्न आहे: "हा डोह सोळा साली आटला होता का?" २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं. तो उन्हाळा आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं प्रत्येकाकडं उत्तर असतं. "नाही हो, त्या साली बी इथं घागरभर पाणी हुतंच" असं ऐकलं, की तो डोह आपल्या यादीत वरचा. अशा तगलेल्या पाण्यात कासवाची मोठी, जुनी मंडळी सापडण्याची शक्यता जास्त. डोह आटला होता असं कळलं तरी नाद सोडू नका. आपली एक जात चिखलात गाडून घेऊन महिनोन्‌महिने पडून राहू शकते.

पाण्यावरून गप्पा मासळीवर जातात, मासळीवरून कासवावर. चहा होईपर्यंत आपलं काम झालेलं असतं.

भेटेल कोण

ओढ्या-डोहांत मुख्यतः दोन जाती भेटतात, तिसरी मोठ्या नदीची.

पहिलं मऊ पाठीचं, पसरट, शेणकुटासारखं गोल कासव. इंग्रजीत त्याला फ्लॅपशेल म्हणतात, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पाठीवर खवले नसतात, वरून चामडं ताणून बसवल्यासारखं दिसतं, रंग हिरवट-तपकिरी. पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी दोन झडपा असतात. पाय आत ओढले की त्या मिटतात, दुकानाचं शटर ओढावं तशा. नाक सोंडेसारखं पुढं आलेलं असतं. त्यामुळं चिखलात पडल्या पडल्या नुसती सोंड वर काढून ते श्वास घेतं. पावसाच्या पहिल्या सरींत रात्री रस्त्यावरून चालत जाताना दिसतं ते बहुतेक हेच.

दुसरं काळं, कडक पाठीचं, मेलॅनोचेलिस ट्रायजुगा. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडं जाणारे तीन उभे कंगोरे असतात. नावातल्या ट्रायजुगाचा अर्थच मुळी तीन जुवांचं. लॅटिनमध्ये जुगम म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, आणि आपलं जू नि त्यांचं जुगम ही एकाच घरातली भावंडं आहेत. ऊन खात दगडावर एकावर एक चढून बसलेली कासवं दिसली तर ती बहुधा हीच. नवशिक्यानं सुरुवात यांच्यापासून करावी, कारण ही बाहेर येऊन बराच वेळ बसतात.

तिसरं लीथचं सॉफ्टशेल, निल्सोनिया लेथी. हे गोदावरी, भीमा अशा नद्यांचं आणि मोठ्या जलाशयांचं कासव. पाठ दोन फुटांपर्यंत वाढू शकते. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार गोल ठिपके असतात, वय वाढेल तसे ते पुसट होतात. जगभरात ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या साइट्स (वन्यजीवांच्या व्यापाराचा जागतिक करार) परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आली. झऱ्यावर ते भेटणार नाही. गोदाकाठी कधी दिसलंच तर नशीब समजा आणि लांबूनच फोटो घ्या.

आता एक पाहुणा. डोळ्यामागं लाल पट्टा आणि अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा दिसल्या, तर ते आपलं नव्हे. ते अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. दुकानातून रुपयाएवढं पिल्लू आणतात, ते ताटाएवढं झालं की घरच्यांना नको होतं, मग "देवाच्या नावानं" कुंडात सोडतात. देवाला त्याचा काही उपयोग नाही. इथल्या कासवांच्या तोंडचा घास मात्र ते पळवतं. फोटो काढा, नोंद ठेवा आणि गावात कुणाला आणखी सोडू देऊ नका.

कासवाची नखं मोजायला शिका, ती पुढं उपयोगी पडतात. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे एकूण बारा. काळ्या कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. हे सांगण्याचं कारण असं, की आपल्याकडं वीस नखांचं, एकवीस नखांचं कासव म्हणजे पैशाचा पाऊस, गुप्तधन, असलं काहीतरी डोक्यात भरवणारे भोंदू आहेत आणि त्यांना कासवं पुरवणारेही आहेत. कासव गावातून नाहीसं होतं ते बरेचदा याच रस्त्यानं. देवळात शिरताना नंदीपुढच्या दगडी कासवाला हात लावून आपण कपाळाला लावतो. त्याच देवळाच्या मागच्या ओढ्यातलं जिवंत कासव मात्र पोत्यात भरलं जातं.

कधी जायचं

कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याचा गढूळपणा बसलेला असतो, पाणी काचेसारखं दिसतं, आणि रात्रीच्या गारव्यामुळं कासवाला सकाळी ऊन खाणं भाग पडतं. त्याचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. अंग तापेपर्यंत अन्न नीट पचत नाही की चपळाई येत नाही. म्हणून भल्या पहाटे जाऊन उपयोग नाही. पक्षी बघणारे मित्र पाचला उठवतात, त्यांना एकटं जाऊ द्या. दगडावर ऊन पडून अर्धा तास झाला की कासवं वर येऊ लागतात. आमच्याकडं पौषात हे नऊ-साडेनऊला सुरू होतं आणि म्हशी पाण्यावर येईपर्यंत चालतं. आपण मात्र त्यांच्या आधी, ऊन दगडावर पडायच्या आतच जागेवर बसलेलं असलं पाहिजे.

चैत्र-वैशाखात जाऊ नका. उरलेल्या चार हात पाण्यात सगळे जीव दाटीनं जगत असतात. आपण काठावर बसलो की कासव वर येत नाही आणि तहानलेलं जनावरही लांबूनच परत फिरतं. मृगाचा पहिला पाऊस पडला की रात्री गाडी हळू चालवा. रस्ता ओलांडणारं कासव दिसलं तर गाडी कडेला लावा, दोन्ही कडांना मागच्या बाजूनं धरून ते ज्या दिशेनं चाललंय त्याच बाजूला सोडा. मऊ पाठीच्या कासवाची मान अंदाजापेक्षा कितीतरी लांब मागं येते आणि चावा सोडता सोडत नाही, तेव्हा बोटं डोक्यापासून दूर ठेवा. नंतर हात साबणानं धुवा.

बसणं

आता मुख्य काम.

डोह दिसल्यावर सरळ काठावर जाऊ नका. तीस-चाळीस पावलं अलीकडं थांबा आणि दुर्बिणीनं किंवा कॅमेऱ्याच्या लेन्समधून काठ तपासा. आधी दगड, मग आडवी पडलेली फांदी, मग पाणकणसांच्या बुडाशी चिखल. चिखलात घसरल्यासारखा गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही बाजूंना नखांच्या रेघा दिसल्या, तर ती रोजची वाट आहे. मऊ मातीत उकरलेला खड्डा आणि भोवती अंड्यांची फुटकी टरफलं दिसली, तर मुंगसानं किंवा घोरपडीनं घरटं खाल्लंय. जवळपास दुसरं घरटं असू शकतं, तेव्हा तिथं पाय टाकू नका.

मग बसायची जागा ठरवा. पाठीशी झुडूप किंवा खडक हवा, म्हणजे आपली आकृती आभाळावर उमटत नाही. ऊन सरळ पाठीमागून नको, एका खांद्यावरून तिरपं यावं. सकाळची सावली लांब असते. सूर्य थेट पाठीशी घेतला तर आपलं डोकं नेमकं कासवाच्या दगडावर जाऊन पडतं. मामांनी मला झापलं ते यावरूनच. कपडे मातकट, पालापाचोळ्याच्या रंगाचे. पांढरा सदरा आणि भगवा गमछा घरी ठेवा. मोबाइलची कंपन बंद करा, कारण खडकावर ठेवलेला फोन थरथरला तर ती थरथर पाण्यापर्यंत जाते. जमिनीतून येणारी कंपनं कासवाला चांगली कळतात. कुजबुजण्यापेक्षा पाय आपटणं जास्त महागात पडतं.

बसलात की हलू नका. आपण येताना जी कासवं पाण्यात उतरली ती परत यायला माझ्या अनुभवात वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. पहिली दहा मिनिटं जड जातात. मग डोळे पाण्याला सरावतात. खालून बुडबुड्यांची एक ओळ सरकत जाते, म्हणजे कुणीतरी तळ उकरतंय. पाण्यावर एक टोक येतं. टोकाला दोन बारीक भोकं असतील आणि पाठोपाठ डोळ्यांचे दोन उंचवटे आले नसतील, तर ते मऊ पाठीचं. नाक, डोळे आणि काळसर डोकं असं सगळं एकदम वर आलं तर काळं कासव.

एकदा काळं कासव माझ्यापासून पाच हातांवर दगडावर चढलं. चढणं कसलं, ते अक्षरशः ओढत होतं स्वतःला. पुढच्या पायाची पाच नखं दगडावर कर्रर्र वाजत होती, मधेच घसरून अर्ध्यात परत पाण्यात. तिसऱ्या खेपेला वर आलं, मान लांब केली, आणि मागचे दोन्ही पाय हवेत ताणून, पंजे पसरून बसलं, उन्हाला वाळत घातल्यासारखे. पाठीवरचं पाणी सुकत गेलं तसा रंग बदलला: चकचकीत काळ्याचा राखाडी झाला, आणि कंगोऱ्यांवर वाळलेलं शेवाळ हिरव्या भुकटीसारखं दिसायला लागलं. मी श्वास रोखून बसले होते. फोटो एकही काढला नाही. कॅमेरा मांडीवर होता आणि तो उचलला असता तर ते गेलं असतं. तेव्हापासून कॅमेरा आधीच रोखून ठेवते.

ज्वारीची पिशवी आणि बाकी सामान

ट्रायपॉड नको. तो उभा करताना होणारी खटपट आणि त्याची उंची, दोन्ही कासवाला पसंत नाहीत. जुन्या जीन्सच्या पायाची वीतभर रुंद पिशवी शिवा, तिच्यात दोन किलो ज्वारी भरा, तोंड शिवून टाका. खडकावर ठेवली की ती हवी तशी बसते आणि वर लेन्स टेकवली की जागची हलत नाही. तांदूळ भरू नका, ते घसरतात. पिशवीला पावसाळ्यात पोरकिडे लागतात, तेव्हा दिवाळीला ज्वारी बदला.

मोबाइलवर काम भागतं का? दोन-तीन हातांवर आलेल्या कासवासाठी हो. लांबच्यासाठी ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण घ्या, मोबाइलचा कॅमेरा तिच्या एका नळीला नीट चिकटवा आणि दोन्ही पिशवीवर टेकवा. कडेला काळं वर्तुळ येईल, ते घरी कापता येतं. कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. शटर एक पाचशेअंश सेकंदाला ठेवा. कासव सावकाश असलं तरी दगडावरून उडी टाकताना सावकाश नसतं. ओलं कवच उन्हात चमकतं आणि कॅमेरा फसतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) उणे ०.७ करा. फोकस नेहमी डोळ्यावर. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर बंद. फ्लॅश कधीही नाही. ड्रोन आणणाऱ्याशी मी बोलत नाही.

पोलरायझर फिल्टरबद्दल दोन शब्द, कारण तो विकत घेऊन लोक वैतागतात. पाण्यावरची चकाकी तो कापतो हे खरं, पण एका ठरावीक तिरकस कोनातून बघितलं तरच, पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण ३५ ते ४० अंशांवरून. सरळ वरून किंवा पाण्याला अगदी समांतर बघितलं तर तो नुसता काळा चष्मा. शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). म्हणजे आधी ठरवा, काय हवंय. पाण्याखाली पोहणारं कासव हवं असेल तर काठावर थोडं उंच बसा, फिल्टर लावा आणि रिंग हळूहळू फिरवत चकाकी नाहीशी करा. दगडावरचं, डोळ्याला डोळा भिडवणारं हवं असेल तर पालथे पडा, कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणा आणि फिल्टर काढून खिशात टाका. माझं मत विचाराल तर दुसरा फोटो नेहमी सरस. वरून काढलेलं कासव भाकरीसारखं दिसतं.

जात ओळखायला एक फोटो पुरत नाही. डोक्याची बाजू, अख्खी पाठ, आणि जमलं तर नखं दिसतील असा पुढचा पाय, असे तीन काढा. पोटाचा फोटो हवा म्हणून कासव उलटं करणं हा नुसता असभ्यपणा नव्हे, गुन्हा आहे. पोरांनी आधी पकडून "फोटो काढून झाला की सोडतो" म्हटलं तरी तो फोटो काढू नका. एकदा शहरातून आलेल्या एका टोळक्यानं माझ्यादेखत डोहातलं कासव उचलून उन्हातल्या खडकावर "छान पार्श्वभूमी" म्हणून ठेवलं होतं. ते कासव पाऊण तास झडपा मिटून होतं. फोटोही वाईटच आले असतील.

कायदा आणि जागा झाकणं

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फ्लॅपशेल कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्याच्या रांगेत. नुसतं पकडणंही त्या कायद्यात शिकार ठरतं आणि या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. हौदात पाळलेलं "घरचं" कासवही यातून सुटत नाही. कुठं विक्री, पोतं, बुवाबाजी दिसली, किंवा विहिरीत अडकलेलं कासव सापडलं, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. स्वतः भांडायला जाऊ नका.

आणि माझा डोह मी का सांगितला नाही, ते. पहिल्या वर्षी चांगला फोटो मिळाल्याच्या आनंदात मी तो गावाच्या नावासह ग्रुपवर टाकला होता. पंधरा दिवसांनी गेले तर काठावर तुटकं जाळं आणि बिड्यांची थोटकं होती, दगड रिकामा होता. माझ्या फोटोमुळंच तसं झालं हे सिद्ध करता येणार नाही. पण त्यानंतर तो दगड दोन हिवाळे रिकामा होता.

म्हणून: मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. आधी काढलेले फोटो पाठवायच्या आधी त्यातली जागेची माहिती काढून टाका. मागं देऊळ, पवनचक्की, ओळखीचा डोंगर येत असेल तर फ्रेम बदला, पवनचक्क्या बघून आमच्याकडचे लोक गाव ओळखतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर टाका, ती अभ्यासकांच्या कामी येते, पण जागा अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा. ग्रुपवर कुणी "एक्झॅक्ट लोकेशन प्लीज" म्हटलं तर "मराठवाडा" एवढं उत्तर पुरेसं आहे.

जिवाची काळजी

काठीनं गवत चाळवत चला, ऊन खायला घोणसही त्याच वेळी बाहेर येते. गौताळ्यासारख्या जंगलात बिबट्या आहे, तेव्हा सोबत कुणीतरी हवं आणि अंधार पडायच्या आत बाहेर. डोहात उतरू नका. वरून कमरेएवढं दिसणारं पाणी कपारीत पुरुषभर असतं. पिण्याचं पाणी घरून न्या, आणि बिस्किटाचे कागद परत आणा. कासवाला पाव, मुरमुरे टाकू नका, नाहीतर ते माणूस दिसला की पुढं येईल, आणि पुढं येणारा प्रत्येक माणूस तुमच्यासारखा नसतो.

घरी आल्यावर कॅमेरा उघडायच्या आधी वही उघडा. तारीख, वेळ, हवा, पाण्याची पातळी कुठल्या दगडापर्यंत, किती कासवं, कुठल्या जातीची, किती वाजता आणि कशामुळं बुडाली. दोन वर्षांत ही वही फोटोंपेक्षा उपयोगी होते. कारण एकच कासव वर्षानुवर्षं त्याच दगडावर येतं आणि कवचावरच्या खाचा-डागांवरून ते ओळखू येतं. माझ्या वहीतली गेल्या पौषातली एक नोंद अशी आहे:

"बुधवार. आभाळ स्वच्छ, वारा नाही. पाणी चपट्या दगडाच्या खाली दोन बोटं. ९.५० ला पहिलं नाक. १०.१५ पर्यंत दगडावर तीन काळी, त्यात उजव्या कडेला खाच असलेलं थोरलं. मऊ पाठीचं एक, नुसती सोंड, बाहेर आलं नाही. १०.४० ला म्हशी आल्या. बुडाली."